दादांची सही

आमचे वडील, ज्यांना आम्ही तिघे भावंडे 'दादा' म्हणत होतो, ते २०२५ च्या डिसेंबर महिन्यात वयाच्या ७९ व्या वर्षी आम्हाला सोडून गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचे कारखान्यातले जुने सोबती आले होते, तेरहून भावकी आली होती, वसाहतीतली सगळी मंडळी होती. बोलणाऱ्या प्रत्येकाने हेच सांगितले की, शेतमजुराच्या घरात जन्मलेला हा माणूस लढाऊ विमाने बनवत होता. ते खरे आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण दादा स्वतः असे कधी बोलले नाहीत. कोणी विचारले तर म्हणायचे, "विमान कोणी एकटा बनवत नसतो. मी त्याला भोकं पाडतो अन् रिव्हेट मारतो." हा रिव्हेट मारणारा माणूस बाप म्हणून कसा होता, ते त्या दिवशी कोणी सांगितले नाही. माझी बोलायची पाळी आली तेव्हा दोन वाक्यांपुढे शब्द फुटेना. म्हणून ते आज लिहून काढते.

आमचे मूळ गाव तेर. धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. गोरोबाकाका कुंभारांचे गाव म्हणून सगळा महाराष्ट्र तेरला ओळखतो. पण त्याच्याही कितीतरी आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, या गावाला तगर म्हणत. 'पेरिप्लस' नावाच्या जुन्या ग्रीक ग्रंथात लिहिले आहे की, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असून तिथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाते. तेरच्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. आज त्रिविक्रमाचे मंदिर म्हणून ओळखली जाणारी विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती, असे अभ्यासक सांगतात.

आमच्या आजोबांना यातले काही ठाऊक नव्हते. तेर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आजोबांना ठाऊक होती ती गावाबाहेरची वस्ती, दुसऱ्याच्या रानातली मजुरी आणि कोणी पुढे केलेल्या कागदावर उठवायचा डाव्या हाताचा अंगठा. कागदात काय लिहिले आहे ते वाचणाऱ्याला माहीत आणि लिहिणाऱ्याला माहीत. अंगठा मात्र आजोबांचा.

१९४१ सालच्या फेब्रुवारीत, २२ आणि २३ तारखेला, जवळच्या कसबे तडवळे गावी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः आले. आजोबा तेरहून पायी गेले होते. गर्दीत मागे उभे होते, सगळे ऐकू आले नाही, असे ते प्रामाणिकपणे सांगायचे. पण परत येताना वाटेतच त्यांनी ठरवले की आपल्या पोटी पोरगं झालं तर ते अंगठा उठवणार नाही. दादा त्यानंतर पाच वर्षांनी जन्माला आले.

दादांचे बालपण हलाखीत गेले. पायात चप्पल नाही, दिवसातून एकदा भाकरी. तरी तेरची एक गोष्ट ते मोठ्या आनंदाने सांगत. गावच्या जुन्या बांधकामातल्या काही विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. पोरे विटेचा तुकडा नदीत टाकायची आणि तो बुडतो की नाही यावर पैज लावायची. दादांनी तो तुकडा घरी आणून फोडून बघितला, तर आत बारीक बारीक भोके. "मातीत भुसा कालवलेला. भट्टीत भुसा जळून गेला, जागा तेवढी राहिली," असे ते आम्हाला समजावून सांगत. पुढे विमानाच्या कारखान्यात त्यांना पहिल्यांदा शिकवले गेले की वजन कमी आणि ताकद जास्त हेच या धंद्याचे सूत्र आहे. दादा म्हणायचे, "मला त्यात नवीन काही वाटलं नाही. आमच्या गावच्या कुंभाराला ते आधीच कळलं होतं."

सातवीनंतर ते उस्मानाबादला वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले. मग सोलापूरला मामांकडे राहून आय.टी.आय.मधून फिटरचा कोर्स केला. १९६९ साली ओझरच्या कारखान्याची जागा निघाली तेव्हा त्यांनी अर्ज केला. अर्जात धर्माचा रकाना होता. त्या काळी केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत 'बौद्ध' लिहिले की अनुसूचित जातीची सवलत मिळत नसे. ती मिळायला १९९० ची कायदादुरुस्ती यावी लागली. म्हणून पुष्कळ लोक पोटासाठी जुनीच नोंद ठेवत. त्यांना दादांनी कधी नावे ठेवली नाहीत. त्यांच्या सोबत्यांनीही तोच सल्ला दिला. पण दादांनी 'बौद्ध' लिहिले आणि खुल्या जागेवर परीक्षा दिली. पुढे मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "खाली सही माझी होती ना. मग वर लिहिलेलं खरं नको का?"

ओझरच्या कारखान्याविषयी थोडे सांगते. आपल्या देशाने सोव्हिएत रशियाच्या परवान्याने मिग-२१ विमाने इथेच बनवायचे ठरवले. यशवंतराव चव्हाण १९६४ साली संरक्षणमंत्री आणि नाशिकचे खासदार होते. त्याच साली नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. आजही नाशिककडची माणसे गावाला नुसते ओझर न म्हणता 'ओझर मिग' म्हणतात.

दादांचे काम पंखांच्या जोडणीचे होते. विमानाचे अंग म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा. तो आतल्या सांगाड्यावर हजारो रिव्हेटनी बसवलेला असतो. एक माणूस बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी गन धरतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा लावून उभा राहतो. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. मध्ये पत्रा असल्यामुळे दोघे एकमेकांना दिसत नाहीत, आणि आवाज एवढा की हाकही ऐकू जात नाही. पत्र्यावर ठोका देऊन एकमेकांना खूण करायची. रिव्हेट नीट बसला की नाही हे आतल्याने प्रामाणिकपणे सांगायचे आणि बाहेरच्याने त्यावर विश्वास ठेवायचा. रिव्हेटचे डोके पत्र्याच्या पातळीच्या वर राहिले तर वारा अडतो, खाली गेले तर पत्रा कमकुवत होतो. मिग-२१ आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान. तिथे 'चालतंय की' हा शब्द चालत नाही.

आणि प्रत्येक कामाखाली सही. ज्याने केले त्याची सही, ज्याने तपासले त्याची सही आणि शिक्का. कित्येक वर्षांनी काही शोधायची वेळ आली तरी कागद काढला की कोणी काय केले ते कळते. दादांचा तपासणीचा हात इतका बारीक होता की सोबती त्यांना हसून म्हणायचे, "गोरोबाच्या गावचा माणूस! मडकं वाजवल्याशिवाय पुढं सरकणार नाही."

नवीन नोकरी लागली तेव्हा राहायला खोली मिळेना. आडनाव ऐकून एका घरमालकाने दिलेली किल्ली परत घेतली. दादा काही महिने एका सोबत्याच्या पडवीत झोपले. ही गोष्ट आम्हाला आईने सांगितली. दादांनी नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आजोबा आणि आजी तेरजवळ खडी फोडायच्या कामावर होते. सुकडी खाऊन दिवस काढत होते. दादा पगार झाला की त्याच दिवशी पोस्टात जाऊन मनीऑर्डर करत. पैसे पोहोचल्याची पावती परत यायची आणि तिच्यावर आजोबांचा अंगठा असायचा. दादा त्या पावत्या तारखेने लावून ठेवत.

१९७४ साली आजोबा पहिल्यांदा ओझरला आले. त्यांना विमान बघायचे होते. कारखान्यात नेणे शक्य नव्हते. दादा त्यांना सायकलवर बसवून धावपट्टीच्या बाजूच्या रस्त्याला घेऊन गेले. दुपारभर वाट बघितल्यावर एक मिग कानठळ्या बसवत उडाले. आजोबा डोक्यावरचा पटका धरून बघत राहिले. ते दिसेनासे झाल्यावर विचारले, "ह्यात तुजं काय रं?"

"पंखाचे खिळे."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आत माणूस बसलंय. पक्के मारलास न्हवं?"

दादा म्हणायचे, मला कारखान्यात पुष्कळ साहेबांनी तपासले, पण पहिला इन्स्पेक्टर माझा बाप.

त्या मुक्कामात दादांनी आजोबांना सही शिकवली. रात्रपाळी करून आल्यावर सकाळी पाटी घेऊन बसायचे. आजोबांचे वय तेव्हा साठीच्या पुढे. बोटे कुऱ्हाडीच्या दांड्याला वळलेली, पेन्सिल हातात राहीना. आजी हसायची, "आता ह्या वयात काय मामलेदार व्हायचंय व्हय?" महिना लागला. आजोबा तेरला परत गेले आणि पुढच्या मनीऑर्डरची पावती आली, तेव्हा तिच्यावर अंगठा नव्हता. वाकडीतिकडी, ओळीच्या बाहेर गेलेली, पण सही होती. आई सांगते की त्या दिवशी दादा पावती हातात घेऊन उंबऱ्यावर बसले आणि खूप रडले. ती पावती त्यांनी बाकीच्या पावत्यांत ठेवली नाही. बाबासाहेबांच्या फोटोच्या मागे ठेवली.

आमचा भाऊ सगळ्यात धाकटा. त्याचा जन्म १९७७ चा. वर्षाचा असताना त्याला ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. पोलिओ. देशात लहान मुलांच्या लसीकरणाचा कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि पोलिओची लस त्यात १९७९ साली आली. आमच्या घराला ती थोडक्यात चुकली. नातेवाईक नाना उपाय सांगायचे, कोणी अंगारा, कोणी नवस. दादा एवढेच म्हणायचे, "पाय जायचा तो गेला. आता पोराला उभं कसं करायचं ते बोला."

भावाला कॅलिपर मिळाले. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. लहान मूल ते, दिवसभर पळायला बघायचे. पट्ट्यांचे रिव्हेट सैल व्हायचे आणि एखादे वेळी चालता चालता निसटायचे. दादांनी ते काम हातात घेतले. सुट्टीच्या दिवशी नाशकात भांडीबाजारात जाऊन तांब्याचे रिव्हेट आणले. मी विचारले, "तुमच्या कारखान्यात तर ढीगभर असतील की." तर दादा माझ्याकडे बघतच राहिले. "ते देशाचे आहेत, बाळ. हे आपले." छत्तीस-सदतीस वर्षांच्या नोकरीत कारखान्यातला एक स्क्रूसुद्धा आमच्या घरात आला नाही.

रोज रात्री भाऊ झोपला की दादा कॅलिपर घेऊन दिव्याखाली बसायचे. एकेक रिव्हेट अंगठ्याने दाबून बघायचे. चामडे कुठे घासते ते बघायचे, धारदार कड लागली तर कानशीने घासून गोल करायचे. भाऊ वाढत गेला तसे पट्ट्यांना पुढचे भोक पाडायचे. दुसऱ्या पाळीला असले तर मध्यरात्री घरी यायचे, पण कॅलिपर बघितल्याशिवाय झोपायचे नाहीत. हे दहा-बारा वर्षे चालले. कामावर विमान तपासून आलेला माणूस घरी येऊन पोराचा पाय तपासत होता. दोन्ही ठिकाणी त्यांची नजर तीच असायची. तोंडाने 'माझं तुमच्यावर प्रेम आहे' असे आमच्या पिढीच्या बापांनी कधी म्हटले नाही. दादांचे प्रेम असे तपासण्यातच होते. भाऊ शिकला, पदवीधर झाला आणि तहसील कचेरीत लेखनिक म्हणून लागला. आजही तो सकाळी घरातून निघताना आधी वाकून बुटाचे बंद दाबून बघतो.

दादांच्या या सवयीमुळे घरात हसण्यासारखे प्रसंगही खूप घडत. कारखान्यात पाळी संपताना पेटीतली हत्यारे मोजायची पद्धत असते. एक जरी कमी भरले तरी ते सापडेपर्यंत काम पुढे जात नाही, कारण विमानात राहिलेला एक पाना माणसाचा जीव घेऊ शकतो. दादांनी तीच पद्धत घरी आणली. भिंतीवर एक फळी लावली आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगाने काढला. हत्यार जाग्यावर नसले की रिकामा आकार दिसणार. पुढे त्या फळीवर आईची सांडशी आली, किसणी आली, शेवटी लाटणेही आले. आई म्हणायची, "एक दिवस माझाही आकार काढून ठेवा, म्हंजे मी कुठं गेले ते कळंल."

आमच्या प्रगतीपुस्तकावर सही करायला दादा अर्धा तास घ्यायचे. सगळे विषय, सगळे गुण, हजेरीचे दिवस, शिक्षकांचा शेरा, सगळे वाचायचे. बेरीज स्वतः करून बघायचे. एकदा माझ्या गुणांची बेरीज चार गुणांनी जास्त लागली होती. मी खूश होते. दादांनी सही केली नाही. मला घेऊन शाळेत गेले आणि गुरुजींना नम्रपणे म्हणाले, "गुरुजी, चार गुण परत घ्या. पोरीचे नाहीत ते." मला त्या वेळी फार राग आला होता. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले. तीस वर्षे पेपर तपासताना शेवटी बेरीज दोनदा करायची सवय मला लागली, ती त्या दिवसापासून.

माझे लग्न ठरले तेव्हाचीही गोष्ट अशीच. स्थळ चांगले होते, मुलगा नोकरीला होता. दादांनी पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. न सांगता त्याच्या कचेरीत जाऊन कँटीनमध्ये चहा पीत बसले आणि शिपाई, चहावाला, झाडूवाली बाई यांना विचारत राहिले की हा माणूस तुमच्याशी कसा बोलतो. घरी येऊन मला समोर बसवले. म्हणाले, "तपासणाऱ्याचा शिक्का मी दिला. पण सही तुझी लागेल. नको असेल तर नको म्हण, कोणी तुला काही बोलणार नाही." त्या काळात आमच्या ओळखीच्या किती मुलींना असे विचारले गेले होते, ते मला माहीत आहे. म्हणून ते वाक्य मी विसरले नाही.

आता जे सांगायचे आहे ते थोडे जड आहे. मिग विमाने पडायची. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ साली संसदेत जी माहिती दिली तिच्यानुसार, मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमानांना अपघात झाले होते आणि त्यांत १७१ वैमानिक गेले. मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड अशी दोन्ही कारणे त्यांनी दिली होती. वर्तमानपत्रे या विमानाला उडती शवपेटी म्हणू लागली. याच मिग-२१ ने १९७१ च्या युद्धात ढाक्यापर्यंत जाऊन पराक्रम केला होता, हेही खरे. पण बातमी पडलेल्या विमानाची यायची.

रेडिओवर अशी बातमी आली की दादा त्या रात्री जेवत नसत. कोणाशी बोलत नसत. आम्ही लहान होतो तेव्हा आई आम्हाला खुणेने गप्प करायची. भाऊ कॉलेजात गेल्यावर त्याने एकदा धीर करून विचारलेच, "दादा, ते विमान तुमच्या हातचं होतं का?" दादा म्हणाले, "कुणाच्या का हातचं असंना. आत बसलेलं पोरगं कुणाचं तरी होतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी माझे रिव्हेट सोडून दिले नाहीत एवढं मला ठाऊक आहे. पण तेवढ्यानं झोप लागत नाही."

पुष्कळ माणसे आपल्या हातून झालेले काम विसरून जातात. पगार घेतला, विषय संपला. दादांचा विषय कधी संपला नाही. ज्या मुलांची नावे त्यांना माहीत नव्हती, ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते, त्यांच्याविषयी त्यांना बापासारखे वाटायचे. आजोबांनी रस्त्याच्या कडेला विचारलेला प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही, असे मला वाटते.

मिग-२१ नंतर ओझरला मिग-२७ आले, मग सुखोई आले. दादा २००६ साली निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसे रिकामी होतात. दादा झाले नाहीत. पल्स पोलिओची मोहीम देशात १९९५ साली सुरू झाली होती. दादा तेव्हापासून सुट्टी काढून बूथवर बसायचे, आता तर पूर्ण दिवस द्यायला लागले. वस्तीतल्या प्रत्येक घराची यादी त्यांच्या वहीत. करंगळीला शाई लागलेली दिसली की नावापुढे खूण करायचे. एक मूल राहिले तर रात्री त्याच्या दारात उभे. बायका म्हणायच्या, "आलं बगा पोलिओवालं आजोबा." जानेवारी २०११ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. भावाने ती बातमी त्यांना वाचून दाखवली. दादांनी त्याच्या पायाकडे बघितले आणि म्हणाले, "विमानापेक्षा हे काम मोठं झालं."

विहाराच्या खोलीत ते आय.टी.आय.च्या मुलांना व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वाचायला शिकवत. पैसे घेत नसत. वर्षातून एकदा तेरला जात आणि नातवंडांना रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात नेत. लामतुरे यांनी गावात सापडलेले मणी, मूर्ती, मातीची भांडी आयुष्यभर गोळा केली, म्हणून ती राहिली. दादा नातवंडांना सांगत, "ही भांडी ज्यानं केली त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. पण बोटाचा ठसा बघा, अजून आहे."

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. बासष्ट वर्षे सेवेत राहिलेले विमान. दादांना तेव्हा बसवत नव्हते, तरी उशीला टेकून त्यांनी सगळा कार्यक्रम टीव्हीवर बघितला. काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथेच बनलेले पहिले तेजस मार्क-१ ए विमान उडाले. नातवाने सांगितले की याच्या अंगाचा मोठा भाग कार्बनच्या पदार्थाचा आहे, रिव्हेट कमी लागतात. दादांनी विचारले, "बरं, पण सही करतात ना?"

नंतर त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. एक छोटी शस्त्रक्रिया करायची होती आणि त्यांचे संमतीपत्र हवे होते. हात फार थरथरत होता. सिस्टर चांगल्या होत्या, त्यांनी प्रेमानेच शाईचे पॅड पुढे केले. "आजोबा, अंगठा चालेल."

दादा म्हणाले, "नको. सही करतो. जरा वेळ लागंल."

मग त्यांनी चष्मा मागितला. मला कागद वाचून दाखवायला लावला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. दोन ठिकाणी थांबवून अर्थ विचारला. मग पेन घेतले. भावाने पाठीमागून आधार दिला, मी कागद धरला. एकेक अक्षर उमटत गेले. शेवटचे अक्षर ओळीच्या खाली गेले. सिस्टर तोपर्यंत उभ्या राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. ती त्यांची शेवटची सही.

दादा गेल्यावर फोटोमागची पावती मी काढून बघितली. कागद पिवळा पडला आहे, शाई फिकी झाली आहे, पण आजोबांचे नाव वाचता येते. भावाने तिला काच बसवून घेतली. दादांचे व्हर्नियर त्यांच्याकडे शिकलेल्या एका मुलाला दिले. तो आता आय.टी.आय.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येकाच्या घरात असा एखादा बाप, काका, आजोबा आहे. कोणी गिरणीत होता, कोणी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, कोणी गोदीत, कोणी नगरपालिकेत. आपण त्यांचे फोटो लावतो, पण त्यांनी हाताने नेमके काय काम केले, कसे केले, ते आपल्याला धड सांगता येत नाही. दादांच्या कामाबद्दल मी वर जे लिहिले ते त्यांना खोदून खोदून विचारले म्हणून मला कळले. आपली माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. त्यांची हत्यारे कोणती होती, त्यांना कोणी शिकवले, कोणत्या कामाची त्यांना भीती वाटायची, हे विचारा. मुलांना शेजारी बसवा आणि वहीत लिहून घ्या. लिहून झाले की त्यांना वाचून दाखवा आणि खाली त्यांची सही घ्या.